शिक्केवाल्या बाईंची लाल चिठ्ठी

यंत्र येतं तेव्हा सगळी प्रयोगशाळा दारात उभी असते. खोकं उघडायला चार हात, फोटो काढायला सहा, आणि ‘जरा जपून, जपून’ म्हणायला तर अख्खा मजला. तेच यंत्र पंधरा-वीस वर्षांनी म्हातारं झालं, की त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. मग ते कोपऱ्यात जातं, कोपऱ्यातून बोळात, आणि बोळातून बाईंच्या ताब्यात.

बाई म्हणजे शिक्केवाल्या बाई. उपकरण विभाग एकतीस वर्षं त्यांच्याकडे होता. प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र टाकून देणं म्हणजे घरातली मोडकी खुर्ची माळ्यावर टाकणं नव्हे, हे ज्याला पटत नसे त्याला बाई हाताला धरून दाखवत. ज्या फ्रीजमध्ये पंधरा वर्षं रोगजंतू राहिले, तो फ्रीज रिकामा करायचा, त्याचा बर्फ उतरवायचा, औषधाने पुसायचा, औषध मुरू द्यायचं, पुन्हा पुसायचा. त्यातला गॅस परवानेवाल्या माणसाकडून काढून घ्यायचा. भट्टीच्या तळाचा पत्रा काढून बघायचा, कारण कधीतरी आत थर्मामीटर फुटलेला असतो, फोडणारा गप्प बसलेला असतो, आणि पारा पत्र्याखाली जाऊन बसलेला असतो. बाईंना असा पारा सात वेळा सापडला होता. फोडणारा एकदाही सापडला नाही.

हे सगळं मनासारखं झालं की बाई यंत्राला हिरवी चिठ्ठी बांधत आणि तिच्यावर गोल शिक्का मारत. ‘निर्धोक’. शिक्का मारताना यंत्राकडे असं बघत, की यंत्रालाच घाम फुटावा. “ज्याच्यावर डबा ठेवून मी जेवू शकत नाही, त्याला शिक्का नाही,” असं त्या म्हणत. आता हे नुसतं म्हणायचं; प्रत्यक्षात प्रयोगशाळेत कुणी पाण्याचा घोट घेताना दिसला, तर त्याची खैर नसे.

हिरवी चिठ्ठी घेऊन यंत्र गावाबाहेरच्या मोडणी केंद्रात जाई. तिथे ते खोलून तांबं वेगळं, काच वेगळी, पत्रा वेगळा करत. यंत्रात काही धोक्याचं राहिलेलं सापडलं, तर केंद्र लाल चिठ्ठी पाठवी: आवक नाकारली. बाकीच्या संस्थांना लाल चिठ्ठ्या येत. कुणाला वर्षाला दोन, कुणाला दहा. बाईंना एकतीस वर्षांत एकही आली नव्हती. हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कधी सांगितलं नाही. सांगायला लागतच नसे. आपण नुसतं विचारायचं, ‘बाई, हे फ्रीज कधी जाणार हो?’, की शेजारचा कुणीतरी तो आकडा सांगायचाच, आणि बाई चष्मा पुसत दुसरीकडे बघायच्या.

आणि आता महिनाअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या. प्रयोगशाळाही त्याच महिन्यात नव्या इमारतीत जाणार होती. जुन्या इमारतीतली दोनशे चौदा यंत्रं निकालात काढायची होती. साहेबांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, निरोपाचं भाषण पंधरा दिवस आधीच लिहून ठेवलं होतं. साहेब चांगला माणूस. पण भाषण लिहिलं की ते केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. भाषणात ‘शून्य’ हा शब्द चार वेळा आल्याचं लेखनिकाने बाईंना खासगीत सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, “जास्त होतंय.” पण त्या दिवशी त्या जिन्याने एकेक पायरी सोडून चढल्या.

घरी मात्र बाईंचं एक दुखणं होतं. सुनेची नोकरी.

सून दोन वर्षांपूर्वी घरात आली. शिकलेली, आवाज हळू, सगळ्याला ‘हो आई’ म्हणणारी आणि नंतर स्वतःला हवं तेच करणारी. लग्नानंतर सहा महिन्यांनी तिने त्याच मोडणी केंद्रात नोकरी धरली. फाटकाशी उभं राहून, येणारं प्रत्येक यंत्र तपासायचं आणि मग आत सोडायचं, हे तिचं काम. बाईंना ते काही रुचलं नाही. आपण यंत्रं धुऊनपुसून, शिक्का मारून ज्या भंगारात पाठवतो, त्याच भंगारात आपली सून? तोंडावर त्या बोलल्या नाहीत. लेकी बोले सुने लागे म्हणतात. बाईंना लेक नव्हती, म्हणून त्या मुलाला बोलत. “एवढं शिकून लोक काय काय करतात नाही!” मुलगा बिचारा मान डोलवायचा. धाकट्या बहिणीने फोनवर विचारलं, ‘सूनबाई काय करते गं?’, की बाई म्हणत, “ऑफिसात आहे.” कसलं ऑफिस ते विचारायच्या आत बहिणीच्या गुडघ्यांची चौकशी सुरू होई, आणि गुडघे निघाले की बहीण बाकी सगळं विसरत असे.

दोनशे चौदांपैकी शेवटी राहिल्या थोरली आणि धाकटी.

ही मोजणी यंत्रं. किरणोत्सर्गी नमुन्यांचा बारीकसा उजेड मोजायची. एकाच वर्षी आलेली, एकाच रंगाची, कपाटाएवढी, शेजारी शेजारी ठेवली तर जुळ्या बहिणी वाटाव्यात अशी. दोघींच्या पोटात शिशाची जाड पेटी, आणि पेटीत किरणोत्सर्गी पदार्थाची एक छोटीशी गोळी. यंत्र त्या गोळीवर स्वतःची परीक्षा घेई. ती गोळी आत असताना यंत्र मोडायला पाठवणं म्हणजे गुन्हाच. शिशात असेतो ती गप्प असते. पण पेटी फुटून तुकडे झाले आणि ते धातू वितळवायच्या भट्टीत गेले, तर किती माणसांना भोवेल याचा हिशोब नाही. म्हणून ती काढायची परवानगी मोजक्या लोकांनाच. ते येतात, गोळी शिशाच्या डब्यात घालून नेतात आणि कागद देतात.

थोरली नऊ वर्षांपूर्वी बंद पडली. तिची गोळी तेव्हाच काढली, बाईंच्या समोर, आणि कागद फाईलला लागला. पुढे ती सुट्या भागांसाठी उभी राहिली. धाकटी गेल्या वर्षापर्यंत चालली. तिची गोळी काढायला माणसं शुक्रवारी येणार होती. दोघींना बोळात आणून, चादरी घालून ठेवलं होतं.

बाईंचा एक नियम होता: “यंत्राच्या तोंडावर जाऊ नका, नंबर वाचा.” सारख्या दिसणाऱ्या दोन फ्रीजपैकी भरलेलाच धुवायला काढल्यापासूनचा नियम. बुधवारी सकाळी त्यांनी उजवीकडची चादर उचलली, मागच्या दारावरची नंबराची पट्टी वाचली, फाईलशी ताडली: थोरली. बाहेरून पुसून नमुने घेतले, किरणं मोजायचा मीटर फिरवला, सगळं स्वच्छ. शिशाची पेटी उघडायचा प्रश्नच नव्हता. नऊ वर्षांपूर्वीचा कागद होता, आणि त्यावर सही त्यांचीच होती. हिरवी चिठ्ठी, शिक्का. ट्रक गेला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर लेखनिक आला. कागद दोन्ही हातांनी धरलेला, जणू सांडेल.

लाल चिठ्ठी होती.

‘मागचं दार उघडून शिशाच्या पेटीच्या फटीशी मीटर नेला असता काटा चढला. आत स्रोत असण्याची शक्यता. पुढे हात लावलेला नाही. यंत्र बंद खोलीत वेगळं ठेवलं आहे. आवक नाकारली.’ खाली तपासणीसाची सही. ती सही बाईंना चांगली ओळखीची होती. घरात दुधाच्या पिशव्यांच्या यादीखाली रोज असायची.

“शक्य नाही,” बाई म्हणाल्या. मग मोठ्याने म्हणाल्या. “शक्यच नाही! माझ्या डोळ्यांदेखत काढलीय गोळी.” फाईल काढली. कागद होता, नंबर बरोबर होता, सही होती. बाईंचा पारा चढला. दोन वर्षं नाही झाली फाटकाशी उभं राहून, आणि मीटर धरायला शिकली नाही तोवर मला शहाणपण शिकवते! त्या ताडताड बोळात गेल्या आणि धाकटीवरची चादर ओढून काढली, नुसती कशावर तरी राग काढायला.

धाकटीचं मागचं दार तारेने बांधलेलं होतं.

बाई त्या तारेकडे बघत राहिल्या. तारेला तीन पीळ देऊन टोक आत मुडपलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. असं टोक मुडपणारं माणूस या इमारतीत एकच होतं.

मग त्यांना सगळं आठवलं. सहा वर्षांपूर्वी धाकटीच्या दाराची बिजागरी तुटली होती. दुसऱ्या दिवशी मोठं काम होतं. थोरली तर बंदच होती. बाईंनी थोरलीचं धडधाकट दार काढून धाकटीला लावलं, आणि धाकटीचं मोडकं दार थोरलीला तारेने बांधून टाकलं. अर्ध्या तासाचं काम. एवढ्याशा गोष्टीची नोंद कोण करतं? सगळ्यांच्या नोंदी तपासणाऱ्या बाईंनी केली नव्हती. आणि नंबराची पट्टी दारावर होती. दारं बदलली तसे नंबर बदलले.

म्हणजे समोर उभी होती ती थोरली. ट्रकमधून गेली ती धाकटी, पोटात गोळी घेऊन, आणि दारावर बाईंचा शिक्का मिरवत.

त्यांनी हातमोजे घातले, मीटर आणला, समोरच्या यंत्राची शिशाची पेटी मीटर धरूनच उघडली. रिकामी. काटा हललासुद्धा नाही. बाई तिथेच उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण आपल्याच दिव्याखाली बसायची वेळ आल्यावर तो किती गडद असतो ते कळतं. आकड्याचं दुःख नंतर आलं. आधी डोळ्यांसमोर आलं मोडणी केंद्रातलं कापायचं यंत्र, आणि त्याच्याशी उभी असणारी माणसं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. दार लावलं.

“बाई, कुणाला काही झालं?”

“नाही. वेळेत सापडलं.”

“मग झालं तर. परवानेवाले उद्या येणारच आहेत, त्यांना तिकडे पाठवू, गोळी काढून घेतील. काम पूर्ण. राहिली ती चिठ्ठी.” साहेब पुढे झुकले. “ती अजून वर गेलेली नाही. उद्या संध्याकाळी जाते. आणि लिहिणारी तर घरचीच आहे! आज जेवताना सांगा तिला. ‘फेरतपासणीसाठी वेगळं ठेवलं’ असं लिहिलं तरी खोटं नाही ते. एकतीस वर्षांचं काम आहे बाई तुमचं. एका दारापायी पुसू नका.”

बाई ‘नाही’ म्हणाल्या असत्या तर गोष्ट इथेच संपली असती. पण बाई गप्प बसल्या. खरं सांगायचं तर साहेबांचं बोलणं त्यांना गोड लागलं. घरी जाताना त्यांनी मनात वाक्यही जुळवलं: ‘हे बघ, मी काही तुला चुकीचं करायला सांगत नाहीये...’ ज्या वाक्याची सुरुवात अशी होते ते पुढे कुठे जातं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी त्या ते जुळवत राहिल्या.

जेवायला तिघंही बसली. मुलाने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, दोन घास भरभर गिळले आणि म्हणाला, “मी जरा खाली जाऊन गाडी बघून येतो.” गाडीला काही झालेलं नव्हतं.

“आई, चिठ्ठी मिळाली?” सुनेने विचारलं.

“मिळाली.”

“मी अर्धा तास हातात धरून बसले होते. मुकादम म्हणाले, अगं, बाईंचा शिक्का आहे, डोळे झाकून घे आत. तुझी सासू आहे, रात्री घरी नाही का जायचं?”

“मग?”

“मी म्हटलं, मला नोकरीवर ठेवलंय ते डोळे उघडे ठेवायला.” तिने ताटातली भाजी उगाच इकडची तिकडे केली. “खरं सांगू? रागावणार नसलात तर. तुमचा शिक्का असला की मी जरा जास्तच तपासते. पहिल्या दिवसापासून.”

“का?” बाईंचा आवाज चढला. “माझ्यावर विश्वास नाही?”

“सगळ्यांचा आहे ना, म्हणूनच. तुमच्या यंत्राला आमच्याकडे माझ्याशिवाय कुणी मीटरच लावत नाही. मी नसले तर ट्रकवरून उतरलं की सरळ कापायला. मग तुमची चूक झालीच कधी, तर ती पकडायला मधे कोणीच नाही. तुम्ही एकट्याच. मला ते बरं नाही वाटलं.”

 एकतीस वर्षांत बाईंच्या कामाचं कौतुक पुष्कळांनी केलं होतं. त्या एकट्या पडल्यात हे कुणी म्हटलं नव्हतं.

“साहेबांचा मलाही फोन आला होता,” सून म्हणाली. “तुमच्या आधी.”

“काय म्हणाले?”

“तेच. निरोप आहे, एकतीस वर्षं आहेत, जरा शब्द बदल, नाहीतर मी बाईंनाच सांगायला लावतो. मी म्हटलं, साहेब, उगाच आईंना घालू नका यात. त्या मला असं सांगणारच नाहीत. मी ओळखते त्यांना.”

बाईंच्या तोंडात घास होता आणि घासामागे ते जुळवलेलं वाक्य होतं. दोन्ही एकदमच गिळले. मग खूप पाणी प्यायल्या. लाजेने कान तापले होते, आणि त्याच वेळी छातीत काहीतरी असं भरून आलं होतं, की तिथेच उठून त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावा. पण तसं करायची सवय नव्हती.

“ती चिठ्ठी,” त्या म्हणाल्या.

“हं?”

“त्यात यंत्राचा नंबर लिहिलायस, पण दारावरचा. आतल्या सांगाड्यावर एक कोरलेला असतो, उजव्या पायापाशी. तोही लिहायला हवा होता. अर्धवट चिठ्ठी आहे ती.”

सून हसली. “उद्या लिहिते.”

“मी येते बरोबर,” बाई म्हणाल्या. “दाखवते कुठे ते.”

शुक्रवारी सकाळी सासू आणि सून एका स्कूटरवर मोडणी केंद्रात गेल्या. एकतीस वर्षं बाई इथे यंत्रं पाठवत होत्या, पण पाऊल कधी ठेवलं नव्हतं. त्यांच्या मनात होता तो गंजाचा ढीग आणि त्यात वाकलेली माणसं. दिसलं ते भलतंच. लांबच लांब टेबलं, प्रत्येकावर एकेक यंत्र खोललेलं. तांब्याच्या तारा एका पिंपात, काच दुसऱ्यात, सर्किटच्या हिरव्या पट्ट्या तिसऱ्यात. पिंपांवर नावं. जमीन झाडलेली. बाईंनी सवयीने बोट फिरवून पाहिलं टेबलाखाली. धूळ होती, पण आपल्या नव्या इमारतीतल्यापेक्षा कमी, हे त्यांनी मनात नोंदलं.

सुनेने बूट चढवले, चष्मा लावला, केस बांधले आणि तिचा आवाजच बदलला. घरातला तो हळू आवाज फाटकाबाहेरच राहिला. “दादा, ट्रक मागे घ्या! कागद आधी, माल नंतर!” ट्रकवाला मुकाट्याने मागे गेला.

परवानेवाले आले. बंद खोलीच्या दारापुढे जमिनीवर पिवळी रेषा होती. बाई उत्साहात पुढे निघाल्या, तशी सून म्हणाली, “आई, रेषेच्या अलीकडे.”

“अगं, मी अशा गोळ्या तुझ्या जन्माआधीपासून...”

“अलीकडे.”

बाई अलीकडे आल्या. मुकादम तोंड फिरवून हसला. बाईंना राग यायला हवा होता. तो शोधूनही सापडेना. आपण इतकी वर्षं माणसांना असंच रेषेमागे ढकलत आलो, आणि आपल्याला ढकलणारं आज पहिल्यांदा कुणीतरी भेटलं, एवढंच मनात आलं.

गोळी निघाली. डाळीच्या दाण्याएवढी. चिमट्याने शिशाच्या डब्यात गेली, झाकण बसलं, डबा बाहेर गेला. सुनेने धाकटीभोवती मीटर फिरवला. आतून, बाहेरून, फटींतून. मग बाईंनी सांगितलेल्या ठिकाणी, उजव्या पायापाशी, गुडघ्यावर बसून कोरलेला नंबर वाचला आणि चिठ्ठीवर लिहिला. “आता पूर्ण झाली,” ती म्हणाली.

चिठ्ठीखाली ‘पाठवणाऱ्याचा खुलासा’ अशी जागा असते. लोक तिथे ‘हमालांची चूक’ किंवा ‘अनवधानाने’ लिहून मोकळे होतात. बाईंनी चष्मा लावला आणि लिहिलं: ‘सहा वर्षांपूर्वी मी दोन यंत्रांची दारं बदलली आणि नोंद केली नाही. पाठवताना जुन्या कागदावर विसंबून पेटी उघडून पाहिली नाही. चूक माझी. आपल्या तपासणीसाने वेळेत पकडली.’ सही केली. क्षणभर थांबून शेवटच्या वाक्यात ‘वेळेत’च्या पुढे ‘आणि नियमाने’ असं वर बारीक अक्षरात घातलं.

मुकादमाने वाचलं. “बाई, एवढं स्पष्ट कुणी लिहीत नाही हो.”

“म्हणूनच तुमच्याकडे लाल चिठ्ठ्या कमी होत नाहीत,” बाई म्हणाल्या.

शनिवारी निरोप झाला. साहेबांनी भाषण पुन्हा लिहिलं होतं, पण सवय जाईना. तिसऱ्या वाक्यालाच त्यांच्या तोंडून ‘शून्य’ गेलं. बाई खुर्चीतून उठल्याच. “एक,” त्या म्हणाल्या. “एकतीस वर्षांत एक. परवाचीच आहे.” सभागृहात चुळबुळ झाली. लेखनिकाने मान खाली घातली. बाई पुढे म्हणाल्या, “यंत्रावर शिक्का असला तरी समोरच्याने मीटर लावलाच पाहिजे. माझ्या यंत्रांना इतकी वर्षं कुणी लावत नव्हतं आणि मी त्यातच खूश होते. तो मान नव्हता, धोका होता. ज्या मुलीने परवा मीटर लावला, ती मागे तिसऱ्या रांगेत बसली आहे. माझी सून आहे.” सगळ्या माना वळल्या. सून लाजून नवऱ्याच्या खांद्याआड गेली. रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा बाईंनी आपणहून सांगायला घेतलं, आणि त्या रात्री गुडघ्यांची चौकशी राहूनच गेली.

एक काम उरलं होतं. निवृत्त होणाऱ्याचा शिक्का नष्ट करायचा नियम आहे. मागे राहिला तर कोण कशावर मारील सांगता येत नाही. लेखनिक कात्री घेऊन आला होता. बाईंनी त्याला शिक्का दिला नाही. सोमवारी त्या शिक्का पर्समध्ये घालून बसने मोडणी केंद्रात गेल्या आणि फाटकाशी ट्रकवाल्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या. मुकादमाने ओळखून पुढे बोलावलं, बाई म्हणाल्या, “रांग आहे.”

नंबर आला. त्यांनी शिक्का टेबलावर ठेवला. लाकडी मूठ एकतीस वर्षांच्या हाताने काळी गुळगुळीत झालेली, खाली पितळेची कडी, आणि कडीत रबर. रबरावर उलटं ‘निर्धोक’.

सुनेने वर पाहिलं. डोळ्यांत पाणी तरळलं; पण ते तिने खाली पडू दिलं नाही. शिक्का उचलला, उलटा केला, मीटर लावला. काटा हलला नाही. मग तिने फॉर्म पुढे सरकवला.

“काय आहे ते लिहा. वजन लिहा. आणि आई, हे असं नाही घेता येणार.”

“का?”

“लाकूड, पितळ, रबर. तीन वेगळ्या वस्तू आहेत. वेगळ्या करून आणा.”

“एवढ्याशा शिक्क्याला?”

“दार पण एवढंसंच होतं.”

बाईंनी शिक्का उचलला. मग इतक्या मोठ्याने हसल्या, की आतल्या टेबलांवरची माणसं हातातलं काम थांबवून बघू लागली. शिक्का पर्समध्ये टाकून त्या वळल्या. मागे एक धिप्पाड ट्रकवाला कागदांचा गठ्ठा घेऊन घाम पुसत उभा होता. त्याने काही विचारलं नव्हतं. तरी बाई त्याच्यापाशी थांबल्या.

“माझी सून आहे,” त्या म्हणाल्या. “भंगारात तपासणीस आहे. मला दोनदा परत पाठवलंय तिने.”

ट्रकवाल्याने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे, आणि रांगेतून बाहेर पडून आपल्या ट्रककडे गेला, सगळं पुन्हा एकदा नीट बघून घ्यायला.